एरवी जबाबदार असणारा मुलगा मित्रांत गेला की जिवावरचं धाडस का करतो?

एका आईचं पत्र आलं आहे. मोठं आहे, म्हणून थोडक्यात देते.

‘माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, मुलगी १० वर्षांची. आम्हाला घरी यायला उशीर झाला तर तोच बहिणीला सांभाळतो. गॅस बंद आहे का, हे झोपण्याआधी दोनदा बघणारा मुलगा आहे. गेल्या महिन्यात हाच मुलगा रात्री तीन मित्रांबरोबर एका अर्धवट बांधलेल्या इमारतीवर चढला आणि एका गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर उडी मारायची त्यांची पैज लागली. एका मित्राचा पाय घसरला, हात मोडला. थोडक्यात निभावलं. “का केलंस?” असं मी पुन्हा पुन्हा विचारलं. एकच उत्तर, “माहीत नाही.” एरवीही काही बोलायला गेलं की अंगावर येतो, दार आपटतो. रात्री दीड वाजेपर्यंत जागा, सकाळी उठता उठत नाही. त्याचे बाबा म्हणतात, मित्र तोडायचे, फोन काढून घ्यायचा, आपोआप सरळ होईल. आजी म्हणते, हार्मोन्स आहेत, जाऊ दे. आमच्या संस्कारांत कुठे कमी पडलं?’

ताई,

सगळ्यात आधी त्या ‘माहीत नाही’बद्दल. तुम्हाला ते उडवाउडवीचं उत्तर वाटलं, पण माझ्या मते तो खरं बोलतोय. त्या गच्चीच्या कठड्यावर त्याने काही विचार करून निर्णय घेतला असता, तर आज त्याला कारण सांगता आलं असतं. तिथे जे घडलं ते विचाराच्या आधी घडलं. आणि घरी गॅस तपासणारा मुलगा आणि कठड्यावरचा मुलगा एकच आहे, यात विसंगती काहीच नाही. या वयाच्या मेंदूचं हेच वैशिष्ट्य आहे, आणि ते नीट कळलं तर तुमच्या घरातल्या अर्ध्या वादांचं स्वरूप बदलेल असं मला वाटतं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकारी मार्गो गार्डनर यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉम्प्युटरवर गाडी चालवण्याचा खेळ होता. सिग्नल पिवळा झाल्यावर गाडी जितकी पुढे न्याल तितके गुण जास्त, पण मध्येच अपघात झाला तर सगळं गेलं. १३ ते १६ वर्षांची मुलं, १८ ते २२ वर्षांचे तरुण आणि २४च्या पुढची माणसं अशा तीन गटांना हा खेळ दिला. काहींना एकट्याने खेळायला, काहींना मित्रांसमोर. मोठ्यांच्या खेळात मित्र असण्या-नसण्याने फरक पडला नाही. मुलांच्या खेळात मात्र मित्र आले की धोका पत्करण्याचं प्रमाण एकदम वाढलं. पुढे २०११ मध्ये स्टाइनबर्ग यांच्याच गटाने तसाच खेळ मेंदूच्या स्कॅनमध्ये झोपवून खेळायला दिला. या वेळी मित्र शेजारच्या खोलीत बसून पडद्यावर बघत होते, बोलत नव्हते, चिथावत नव्हते. तरीही किशोरवयीन मुलांच्या मेंदूतला बक्षिसाची ओढ जागवणारा खोल भाग, ज्याला व्हेंट्रल स्ट्रायटम म्हणतात, तो जास्त चेतवला गेला आणि त्यांनी जास्त धोके पत्करले. मोठ्यांत असं झालं नाही.

तुमच्या मुलाला त्या रात्री कुणी ढकललं असेलच असं नाही. मित्र बघत होते, एवढंच पुरेसं असतं. म्हणून ‘तुला कळत नाही का, पडलास तर मरशील?’ या वाक्याचा उपयोग होत नाही. त्याला कळतं. स्वस्थ बसून, वेळ घेऊन, कुणी बघत नसताना विचार करायचा असेल तर १६ वर्षांच्या आसपासची मुलं मोठ्यांच्या तोडीस तोड तर्क करतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. भावना उसळलेल्या असताना, घाईत, मित्रांच्या नजरेसमोर स्वतःला आवरायची ताकद मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं वाढत राहते. २०१८ मध्ये ११ देशांतल्या ५ हजारांहून अधिक १० ते ३० वर्षांच्या व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात थराराची ओढ साधारण १९व्या वर्षी कळसाला पोचलेली दिसली आणि स्वतःला आवरण्याची क्षमता विशीच्या मध्यापर्यंत वाढत जाऊन मग स्थिरावलेली दिसली. त्या ११ देशांची माती, शिक्षण, घरं, संस्कार सगळं वेगळं होतं, तरी चित्राचा आकार बराच सारखा निघाला. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. एकाच घरावर याचा ठपका ठेवता येत नाही.

आता हे असं का, ते सांगते, कारण ‘हार्मोन्स आहेत, जाऊ दे’ हे आजींचं म्हणणं अर्धंच खरं आहे. वयात येताना संप्रेरकं या बदलांना सुरुवात करून देतात आणि मेंदूवर त्यांचा परिणाम होतोच. पण मोठं काम मेंदूच्या बांधणीत चाललेलं असतं आणि ते संप्रेरकांची उलथापालथ शांत झाल्यावरही चालू राहतं.

सहाव्या वर्षापर्यंत मुलाचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या नव्वद टक्क्यांपुढे गेलेला असतो. त्यामुळे पूर्वी असं धरून चालत की पुढे फक्त शिकणं उरतं. १९७९ मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ पीटर हुटेनलोकर यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंच्या पुढच्या भागातले चेतापेशींमधले जोड, म्हणजे सिनॅप्स, मोजले आणि लहानपणी ते मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात व नंतर कमी होतात असं दाखवलं. जिवंत, वाढत्या मुलांमध्ये हे कसं घडतं ते मात्र एमआरआय आल्यावरच पाहता आलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत १९९१ मध्ये एक काम सुरू झालं: तीच मुलं ठरावीक वर्षांनी पुन्हा बोलवायची आणि त्यांच्या मेंदूचं स्कॅन करायचं. तिथले मानसोपचारतज्ज्ञ जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. मेंदूच्या पुढच्या भागातला चेतापेशींचा करडा थर वयात येण्याच्या सुमारास, मुलींमध्ये ११ आणि मुलग्यांमध्ये १२ वर्षांच्या आसपास, सर्वांत जाड होतो आणि मग पौगंडावस्थेत हळूहळू पातळ होत जातो.

पातळ होतो हे वाचून दचकू नका. शेतातून जाणाऱ्या वाटांसारखं आहे हे. ज्या वाटेने रोज पावलं पडतात ती पायवाट घट्ट होते, बाकीच्यांवर गवत उगवतं. मुलगा ज्यात वेळ घालवतो, त्या कामाचे जोड पक्के होतात आणि न वापरलेले छाटले जातात. शिवाय उरलेल्या जोडण्यांवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण चढत जातं आणि त्यांतून संदेश कितीतरी पट वेगाने धावू लागतात. २००४ मध्ये याच संस्थेतल्या अभ्यासातून दिसलं की ही पक्वता सगळीकडे एकदम येत नाही. हालचाल आणि इंद्रियांशी संबंधित भाग आधी तयार होतात. कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, जो थांबवतो, पुढचं बघतो, दोन गोष्टी तोलतो, तो सगळ्यात शेवटी तयार होणाऱ्यांत आहे. उलट बक्षीस, थरार आणि लोकांच्या नजरा यांना प्रतिसाद देणारे खोलातले भाग वयात येतानाच तेज होतात. या दोहोंच्या मधली वर्षं तुमच्या घरात सध्या चालू आहेत.

इथे एक गोष्ट बजावून सांगते. ‘मेंदू २५व्या वर्षी पूर्ण होतो’ असं वाक्य हल्ली जिथे तिथे ऐकू येतं. अशी काही ठरलेली तारीख नाही. बदल हळूहळू मंदावतात, माणसागणिक वेगळ्या वेळी, आणि वेगवेगळ्या भागांत वेगळ्या वेगाने. त्यामुळे २५ वर्षांपर्यंत मुलाला काही कळतच नाही असं समजणं चूक, आणि वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी तो शहाणा होईल अशी वाट बघणंही चूक.

अंगावर येण्याबद्दल बोलू. पत्रातली सगळ्यात दुखरी जागा मला तीच वाटली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ९ ते १७ वर्षांच्या निरोगी मुलांना त्यांच्याच आईच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेली टीका ऐकवली. जेमतेम अर्ध्या मिनिटाचे तुकडे होते. ते ऐकताना भावनांशी जोडलेल्या भागांतली हालचाल वाढली. भावना आवरण्याच्या आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखण्याच्या भागांतली हालचाल मात्र कमी झाली. म्हणजे आई रागावत असते तेव्हा, ‘ती काळजीपोटी बोलतेय’ हे समजून घेण्याची शक्तीच त्या क्षणी मंदावते. तुम्ही जे दहा वेळा विचारलंत, त्यातला प्रत्येक प्रश्न त्याला काळजी म्हणून नाही तर वार म्हणून लागला असण्याची शक्यता आहे. यात तुमचा दोष आहे असं मी म्हणत नाही. मुलगा उंचावरून पडला असता या विचाराने कुठली आई शांतपणे बोलेल? पण आता हे कळलंय, तर पुढच्या वेळी प्रश्न एकदाच विचारा. तो खवळला तर दार लावू द्या. दोन तासांनी, नाहीतर दुसऱ्या दिवशी बोला. शक्यतो शेजारी शेजारी बसून किंवा चालता चालता, डोळ्यांत डोळे न घालता.

दुसरा एक अभ्यास तुम्हाला आधी टोचेल आणि मग कदाचित बरं वाटेल. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटाने २०२२ मध्ये दाखवलं की लहान मुलांच्या मेंदूतली आनंदाची केंद्रं अनोळखी आवाजापेक्षा आईच्या आवाजाला जास्त प्रतिसाद देतात, आणि साधारण १३-१४व्या वर्षी हे उलटं होतं. अनोळखी आवाज जास्त खेचू लागतात. आईचा आवाज त्यांना ऐकू येतो, ओळखताही येतो, फक्त बाहेरच्या आवाजांची ओढ वाढलेली असते. घराबाहेर जगायची तयारी करणाऱ्या मेंदूने हेच करायला हवं. त्याने पाठ फिरवली की तुम्ही नकोशा झालात असं वाटतं ना? तसं नाही, ताई. अमेरिकेतच झालेल्या आणखी एका प्रयोगात १४ वर्षांच्या मुलांनी गाडीचा तो खेळ आई जवळ असताना खेळला, तेव्हा एकट्याने खेळण्यापेक्षा कमी धोके घेतले. तुमचं असणं अजून काम करतंय, तुमचं बोलणं तेवढं काम करत नाही. या फरकाचा उपयोग करून घ्या.

म्हणून मित्र तोडायला माझा ठाम विरोध आहे. या वयात गटाबाहेर पडणं मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त झोंबतं. बंदी घातलीत तर तो त्यांना भेटेलच, फक्त तुम्हाला न सांगता, आणि रात्री, आणि तुमची नजर नसलेल्या जागी. त्यापेक्षा त्या तिघांना घरी बोलवा. त्यांची नावं, त्यांची घरं, त्यांचे आईवडील माहीत असू द्या. ते आले की तुम्ही घरात असा, पण त्यांच्या मध्ये बसू नका. ज्याचा हात मोडला त्याच्याकडे मुलाला जाऊ द्या, हवं तर तुम्हीही बरोबर जा. मुलं एकत्र असणार, रात्र असणार आणि जागा धोक्याची असणार, या तीन गोष्टी एकत्र येऊ न देणं तुमच्या हातात आहे. कुठे आहोत आणि किती वाजता परत येणार, हे सांगण्याचा नियम ठेवा आणि तो मोडला तर काय होईल हेही आधीच ठरलेलं असू द्या. एवढी देखरेख १५व्या वर्षी हवीच. ती अविश्वास म्हणून करू नका, नियम म्हणून करा, आणि नियम ठरवताना त्याला बोलू द्या.

तो शांत असताना एक गोष्ट त्याच्याबरोबर बसून ठरवा. मित्रांत काही नको ते सुरू झालं तर बाहेर कसं पडायचं? ‘मला नाही जमणार’ म्हणणं त्या क्षणी फार अवघड असतं. त्याने तुम्हाला एखादा ठरलेला शब्द मेसेज करायचा, तुम्ही लगेच फोन करून ‘आत्ताच्या आत्ता घरी ये’ असं दरडावायचं. वाईटपणा तुमच्याकडे, मान त्याचा राखला. आणि त्या रात्री प्रश्न विचारायचे नाहीत, असं वचन त्याला द्या आणि पाळा. ज्या क्षणी मेंदू विचार करणार नाही, त्या क्षणाचा विचार आधी करून ठेवणं, एवढंच यात आहे. माझ्या मते शंभर व्याख्यानांपेक्षा हे मोलाचं.

थराराची भूक मात्र खरी आहे आणि ती दाबून मरत नाही. दोर बांधून कडे चढणं, पोहणं, कुस्ती, नाटकात उभं राहणं, वाद्यवृंदात सगळ्यांसमोर वाजवणं, यांतलं काहीही त्याला आवडेल ते असू द्या, पण त्यात पोटात गोळा आला पाहिजे आणि मित्रांनी बघितलं पाहिजे. चारचौघांच्या नजरेने ज्या मेंदूला कठड्यावर नेलं, तोच मेंदू चांगल्या कामातही जीव ओततो. नवं शिकण्याची, कुणासाठी तरी धावून जाण्याची, अन्यायावर पेटून उठण्याची धडाडी या वयात जी असते ती पुढे इतक्या सहज मिळत नाही.

बाबांच्या फोनबद्दलच्या मताशी मी अर्धी सहमत आहे. शिक्षा म्हणून फोन काढून घेतल्याने फारसं साधणार नाही. लंडनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की १२ ते १७ वर्षांची मुलं बक्षिसातून मोठ्यांइतकंच शिकतात, पण शिक्षा टाळण्यातून शिकण्यात मागे पडतात. वेळेवर घरी आला तर पुढच्या वेळी अर्धा तास जास्त, हे त्याला पटकन कळेल. महिनाभर बंदी, हे फक्त साठून राहील. पण झोपेसाठी फोन खोलीबाहेर हवा, आणि तो नियम घरातल्या सगळ्यांना हवा, बाबांनाही.

कारण रात्रीचं जागरण हा निव्वळ आळशीपणा नाही. वयात येताना झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन रात्री उशिरा, कधी कधी दोन तासांनी उशिरा, स्रवू लागतं. झोपेच्या अभ्यासक मेरी कार्सकॅडन यांनी यावर कित्येक वर्षं काम केलं आहे. दिवसभरात साठणारी झोपेची ओढही या वयात सावकाश वाढते. म्हणजे दहा वाजता त्याला खरंच झोप येत नाही. गरज मात्र ८ ते १० तासांची असते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये याच कारणाने शिफारस केली की या वयाच्या मुलांची शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरू नये. शाळेची वेळ तुमच्या हातात नसेल, पण सकाळी उठल्याबरोबर उजेडात नेणं, रात्री दिवे मंद करणं, सुट्टीच्या दिवशी रोजच्यापेक्षा फार तर दोन तास जास्त झोपू देणं, हे जमण्यासारखं आहे. हे आधी करा. झोप कमी पडली की स्वतःला आवरण्याची उरलीसुरली ताकदही जाते, आणि त्याच्या दार आपटण्यातला बराच भाग अपुऱ्या झोपेचा असू शकतो.

एक कृपा करा. हे सगळं वाचून त्याला ‘तुझा मेंदू अजून कच्चा आहे’ असं कधीही ऐकवू नका. खरं असूनही ते अपमान म्हणून लागेल, आणि पुढच्या वेळी सबब म्हणून परत येईल. त्याला गाडीच्या खेळाचा तो प्रयोग सांगा. ‘तुला काय वाटतं, असं का होत असेल?’ असं विचारा आणि गप्प बसा. या वयाच्या मुलांना स्वतःच्या मेंदूबद्दल खूप कुतूहल असतं. त्याने उत्तर दिलं, तर ‘माहीत नाही’च्या पलीकडचं पहिलं वाक्य तुम्हाला मिळेल. आणि कारण समजलं म्हणून परिणाम माफ होत नाहीत. त्या मित्राच्या घरच्यांची माफी त्याला स्वतःला मागायला हवी.

मी जे लिहिलं ते नेहमीच्या वाढीबद्दल आहे. मनाच्या आजारांपैकी जवळपास निम्मे १४व्या वर्षापर्यंत सुरू होतात असं मोठ्या सर्वेक्षणात दिसलं आहे, म्हणून ‘वयच आहे’ म्हणून सगळं सोडून देऊ नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त उदास राहिला, मित्रांनाही टाळू लागला, आवडीच्या गोष्टी सुटल्या, खाणं किंवा वजन एकदम बदललं, नशेचा संशय आला, अंगावर स्वतः केलेल्या जखमा दिसल्या, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, लगेच. जगण्याचा कंटाळा आल्याचं तो बोलला तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. विचारलं नाही तर मूल एकटं पडतं. त्याने हो म्हटलं तर त्याला एकटं सोडू नका, औषधं आणि धारदार वस्तू कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि तुमची मुलगी. तिचं पत्रात एवढंसंच नाव आलं आहे, पण ती १० वर्षांची आहे आणि मुली मुलग्यांपेक्षा साधारण वर्ष-दीड वर्ष आधी वयात येऊ लागतात. तिचे हे बदल कदाचित सुरूही झाले असतील. सध्या घरातली सगळी काळजी भावाकडे लागली आहे आणि ती हे सगळं बघते, ऐकते आहे. त्या रात्री काय झालं, दादा का ओरडतो, आई का रडते, हे तिला कुणी सांगितलंय का? नसेल तर या आठवड्यात तिच्याशी बोला. अजून तुमचा आवाज तिला सगळ्यांत जास्त हवासा वाटण्याचं वय आहे.